धायरीसाठी बाजार आणि विरंगुळ्याची जागा मागायची आहे, मागणीपत्रात काय लिहू?

शिलाईवाली_धायरी:

नमस्कार मंडळी.

धायरीत माझं फॉल-पिको आणि ब्लाउज शिलाईचं दुकान आहे. आमच्या रस्त्यावरच्या काही सोसायट्या, गावठाणातली जुनी घरं आणि बचत गटाच्या बायका मिळून पुणे महापालिकेला एक मागणीपत्र द्यायचं ठरलंय. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत या भागातल्या माणसांना खरेदीला आणि चार घटका निवांत बसायला काय लागेल, त्यासाठी जागा आत्ताच राखा, असा विषय आहे. नंतर जागा उरणारच नाही. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण रस्त्यावरची बहुतेक प्रत्येक बाई कधी ना कधी माझ्या दुकानात टेकते आणि बोलते.

बैठकीत एकवाक्यता झाली नाही. तरुण पोरांचं म्हणणं, मॉल मागा. ज्येष्ठ मंडळी म्हणाली, बाकं आणि झाडं मागा. दुकानदारांना मॉल नको आणि हातगाड्याही नकोत. एक मावशी म्हणाल्या, बायकांसाठी स्वच्छतागृह तेवढं मागा, बाकी तुमचं चालू द्या. मला या सगळ्यातून धड मागणी काढायची आहे.

मला रोज काय दिसतं ते सांगते. आमच्या रस्त्यावर किराणा आहे, औषधाची दुकानं आहेत, बेकरी, मोबाइल, सोन्याची पेढी, सलून, प्लंबिंगचं सामान, सगळं आहे. जवळपास प्रत्येक इमारतीखाली गाळे आहेत. तरी खरेदी निघाली की माझी गिऱ्हाइकं गावात, म्हणजे जुन्या पेठांत जातात. कशासाठी जाता, हे मी विचारत असते. साडीला नेमक्या रंगाचं अस्तर हवं असतं. मी मोजकेच रंग ठेवते, कारण सगळ्या छटांचे तागे ठेवायचे तर भांडवलही लागतं आणि भिंतही. लेस, लटकन, वेगळी बटणं हवी असली की रविवार पेठेतली बोहरी आळी. लग्नाचा बस्ता लक्ष्मी रोडला. हळदीकुंकवाचं वाण तुळशीबागेत. पोरांची पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. यातलं बस्त्याचं मला समजतं. तिथे दहा दुकानं पालथी घालायची असतात, ती एकाच रस्त्यावर असलेली बरी. पण अर्धा मीटर अस्तरासाठी किंवा जूनमध्ये शाळेच्या काळ्या बुटांसाठी बसने स्वारगेट गाठायचं, पुढे चालायचं आणि संध्याकाळच्या गर्दीत सिंहगड रोडने परत यायचं, हे कशाला? आता उड्डाणपूल झालेत, गाड्या थोड्या लवकर पोचत असतील. पण अस्तर अजूनही पेठेतच आहे.

विरंगुळ्याचं म्हणाल तर त्याहून बिकट. पु. ल. देशपांडे उद्यान सुंदर आहे, पण ते दत्तवाडीच्या बाजूला. सत्तरीच्या बाईने तिथवर रोज जायचं कसं? आमचं भजनी मंडळ सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसतं, एखादी गाडी आली की सगळ्या उठतात. शाळा सुटायच्या वेळी आया फाटकाबाहेर उन्हात उभ्या असतात. पोरं मोकळ्या प्लॉटवर क्रिकेट खेळतात, प्लॉटवर पत्रे ठोकले की पुढच्या प्लॉटवर जातात, आणि आता पुढचा प्लॉट दिसत नाही. नाटक बघायचं तर कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह नाहीतर पद्मावतीचं अण्णाभाऊ साठे. रात्री साडेनऊच्या प्रयोगाला दोघी-तिघी बायका गेल्या तर परत कशाने येणार?

मला मनापासून वाटतं की बाजार आणि विरंगुळा वेगळे काढूच नयेत. बाई भाजीला निघते तेव्हाच मैत्रिणीशी बोलते, पोराला झोका देते, सासूला चार पावलं चालवते. तुळशीबागेत लोक फक्त भांडी घ्यायला जातात असं नाही. दोन तास हिंडतात, काहीतरी खातात, रामाचं दर्शन घेतात आणि घरी येतात. आमच्या भागाला असं एखादं ठिकाण हवं, चालत जाण्यासारखं.

तर सांगा, असं काही कायद्यात मागता येतं का? किती जागा मागायची, याला काही हिशोब असतो का? आणि भाजी मंडईची इमारत मागावी की नको? एका उपनगरात बांधलेली मंडई मी पाहिली आहे. आत ओटे रिकामे आणि भाजीवाल्या बाहेर फुटपाथवर. तसं आमच्याकडे व्हायला नको.

---

नकाशा_आणि_फूटपट्टी:

ताई, मी नगररचनेचं काम करतो, खाजगीत. तुमचं पत्र बहुतेकांपेक्षा चांगलं होईल, कारण लोक कशासाठी बाहेर जातात हे तुम्हाला माहीत आहे. कोणती जागा कशासाठी ठेवायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्यांत नेमकी हीच माहिती नसते.

आधी हे पाहा की तुमचा सर्व्हे नंबर कोणत्या आराखड्यात येतो. धायरीचा उरलेला भाग ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावांबरोबर महापालिकेत आला. शेजारचं नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ३० जून २०२१ ला २३ गावांबरोबर आले. जुन्या हद्दीचा आराखडा वेगळा, तो राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना वेगवेगळे नियम लागू असू शकतात. ज्या मोकळ्या जागेवर तुमचा डोळा आहे तिचा झोन दाखला महापालिकेतून काढा. जागा निवासी आहे, शेती विभागात आहे की आधीच कशासाठी आरक्षित आहे, ते त्यावर कळेल. आधीच भाजी मंडईचं किंवा क्रीडांगणाचं आरक्षण असेल तर नवीन मागायचंच नाही, आहे ते विकसित करा म्हणायचं.

हे महत्त्वाचं आहे, कारण आरक्षण नकाशावर पडलं म्हणजे जागा मिळाली असं होत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम १२७ वाचा. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. पुण्यात अशा बऱ्याच जागा गेल्या. पैसे नसले तर महापालिका मालकाला टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊ शकते, किंवा समावेशक आरक्षणात मालक काही भागावर मंडई नाहीतर सभागृह बांधून देतो आणि उरलेल्या भागावर स्वतःचं बांधकाम करतो. दुसऱ्या प्रकारात डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. चांगला, रस्त्याकडचा तळमजला मालक ठेवतो आणि सार्वजनिक भाग मागे किंवा वर ढकलला जातो. पत्रात स्पष्ट लिहा: रस्त्याला लागून, तळमजल्यावर.

किती मागायचं, याचा हिशोब आहे. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नियोजन मार्गदर्शिकेत बाजाराच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. साधारण ५,००० वस्तीला रोजच्या गरजेची दुकानं, १,५०० चौरस मीटर. १५,००० वस्तीला स्थानिक बाजार, ४,६०० चौरस मीटर, म्हणजे एकरापेक्षा थोडी जास्त जागा. एक लाखाला सामुदायिक केंद्र, ५ हेक्टर. पाच लाखांना जिल्हा केंद्र, ४० हेक्टर. तुम्ही जे वर्णन केलंय ते दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधलं आहे. या मार्गदर्शिकेचं बंधन नाही, पण सुनावणीला गेल्यावर अधिकाऱ्यासमोर ठेवायला आकडा लागतो. पाच लाखांचं केंद्र मागून बसलात तर काहीच मिळणार नाही. एकर-दीड एकर मागा, आणि शेजारी क्रीडांगण किंवा उद्यानाचं आरक्षण येईल असं बघा.

मार्ग असा. आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली हरकती-सूचनांना मुदत असते. आता ती ३० दिवसांची आहे. त्या तीस दिवसांत धावपळ करून कोणी नीट लिहू शकत नाही, म्हणून तुमचं पत्र आणि सह्या आधीच तयार हव्यात. नंतर नियोजन समितीपुढे सुनावणी होते, तिथे स्वतः जा. पुढची संधी लवकर येत नाही, कायद्याने आराखडा वीस वर्षांतून एकदा सुधारायचा असतो. आपल्या जुन्या हद्दीचा १९८७ नंतरचा आराखडा २०१७ ला मंजूर झाला, मधली तीस वर्षं मोजा.

बाकं, पाणपोई, झाडाभोवतीचा पार यासाठी आराखड्याची वाट पाहू नका. नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक पुण्यात २००६-०७ पासून आहे. लहान कामं क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन सुचवता येतात.

---

भाजीवाला_वडगाव:

ताई, ओटे रिकामे का राहतात ते मी सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या भाजी विकली आहे.

पहाटे मार्केट यार्डातून माल आणायचा, निवडायचा, पाणी मारायचं. सकाळचं गिऱ्हाईक थोडं, खरी विक्री संध्याकाळी सहा ते नऊ. ते गिऱ्हाईक कामावरून घरी चाललेलं असतं, दुचाकीवर, नाहीतर बसमधून उतरून चालत. त्याला पाच मिनिटं थांबायचं असतं. मंडई त्याच्या वाटेवर असेल तर थांबेल. वळसा घालून, पार्किंगची पावती फाडून, पायऱ्या चढून कोण कोथिंबिरीची जुडी घ्यायला येतो? पहिल्या मजल्यावर भाजीची मंडई म्हणजे आमच्यासाठी बंद मंडई. ओटा मिळाला तरी आम्ही बाहेर बसतो, लोक म्हणतात यांना शिस्त नाही. बाहेर बसल्यावर महापालिकेने हातगाडी उचलली तर दिवसाचा माल जातो. हौस म्हणून कोणी बाहेर बसत नाही.

म्हणून इमारत मागू नका. मागायचं तर छप्पर मागा, चारही बाजूंनी उघडं, रस्त्याच्या पातळीवर, बसथांब्यापासून हाकेच्या अंतरावर. ओट्याला पुढे टोपल्या ठेवायला जागा हवी. नळ हवा, गटार झाकलेलं हवं, रात्री माल ठेवायला कुलपाची खोली हवी. आणि त्या मावशी बोलल्या ते स्वच्छतागृह. आमच्यात निम्म्याहून जास्त बायकाच बसतात. दिवसभर पाणी कमी पितात, त्याने आजार होतात.

कायदा आमच्या बाजूने आहे, तोही पत्रात लिहा. पथविक्रेता कायदा, २०१४. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करायचं. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं. नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के सदस्य विक्रेतेच, त्यातही एक तृतीयांश बायका. आणि जिथे पूर्वीपासून आपोआप बाजार भरतो, तो नैसर्गिक बाजार लक्षात घेऊन जागा ठरवायची. धायरीत आज बाजार कुठे भरतो ते बघा, त्याच जागेवर नाहीतर अगदी शेजारी आरक्षण मागा. दूर कोपऱ्यातली स्वस्त जागा दाखवतील, ती घेऊ नका.

---

गाळेधारक:

शिलाईवाली ताई, राग मानू नका, पण मी विरोधात आहे. माझं स्टेशनरी आणि भेटवस्तूंचं दुकान आहे, याच पट्ट्यात. गाळ्याचा हप्ता भरतोय, मिळकतकर भरतोय. दारात हातगाडी लागली की माझं गिऱ्हाईक आत येत नाही. शिवाय पुढची वीस वर्षं म्हणता, पण आजच भाजी, दूध, वह्या, सगळं मोबाइलवरून दहा मिनिटांत घरी येतंय. वीस वर्षांनी बाजारात येणार कोण? एकर-दीड एकर जागा अडवून ठेवायची आणि तिथे कुत्री झोपायची, असं नको. त्यापेक्षा पार्किंग मागा. गाडी लावायला जागा मिळाली तर आहेत ती दुकानं चालतील.

---

सदाशिवकर_लीड्समधून:

बालपण सदाशिव पेठेत गेलं, आता इंग्लंडमध्ये एका स्थानिक कौन्सिलच्या नियोजन विभागात काम करतो. इथे या विषयाचा रीतसर अभ्यास करावा लागतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. गाळेधारक दादांच्या प्रश्नालाही यात काही उत्तर सापडेल.

इथल्या शहरांनी ठेच आधी खाल्ली. १९९० मध्ये शेफील्डच्या कडेला, मोटरवेजवळ मेडोहॉल नावाचं प्रचंड मॉल उघडलं आणि शहराच्या मध्यातल्या दुकानांचं गिऱ्हाईक तिकडे गेलं. अशा ठिकाणी गाडीशिवाय जाणं कठीण, म्हणजे म्हातारी माणसं आणि गरीब घरं मागे राहतात. १९९६ मध्ये सरकारने धोरण कडक केलं. नवीन दुकान किंवा सिनेमागृह काढायचं तर आधी शहराच्या किंवा उपनगराच्या मध्यवर्ती बाजारात जागा शोधा, तिथे नसेल तर त्याच्या कडेला, तिथेही नसेल तरच बाहेर. कडेला म्हणजे दुकानांसाठी मुख्य बाजारापासून साधारण ३०० मीटरच्या आत. बाहेर २,५०० चौरस मीटरपेक्षा मोठं काही काढायचं असेल, तर जवळच्या बाजारावर काय परिणाम होईल ते अर्जदाराने दाखवायचं. कौन्सिल आपली मर्यादा यापेक्षा कमीही ठरवू शकते. तरुणांच्या मॉलच्या मागणीला तुम्ही हे उत्तर देऊ शकता: मॉलला विरोध नाही, पण आधी चालत जाण्याच्या अंतरावरचा बाजार.

पुढे किती जागा लागेल ते असं काढतात. निदान दहा वर्षं पुढचं बघायचं. त्या भागातल्या घरांना फोन करून विचारतात: शेवटचा किराणा कुठून आणला? कपडे, बूट कुठून? शेवटचं बाहेर जेवण कुठे झालं, सिनेमा कुठे पाहिला, व्यायामाला कुठे जाता? रोजचा किराणा एकीकडे आणि चार दुकानं पाहून घ्यायच्या वस्तू दुसरीकडे, असे दोन वेगळे हिशोब मांडतात. माणशी वर्षाचा खर्च, गुणिले येणारी लोकसंख्या, त्यातून ऑनलाइन जाणारा वाटा वजा. उरलेल्यापैकी आहेत ती दुकानं किती खर्च सामावून घेतील ते काढतात. शिल्लक राहिलेल्या रकमेला एका चौरस मीटर दुकानात वर्षाला किती विक्री होते त्याने भागलं, की नवीन जागेचं क्षेत्रफळ मिळतं.

आता दादांचा मुद्दा. ऑनलाइनचा वाटा खरंच मोठा झाला. इथल्या मोठ्या दुकानसाखळ्या बुडाल्या: वूलवर्थ्सची सुमारे ८०० दुकानं २००९ च्या जानेवारीपर्यंत बंद झाली, बीएचएस २०१६ मध्ये, डेबनहॅम्स २०२१ मध्ये. बऱ्याच ठिकाणी नव्या अभ्यासात कपड्या-वस्तूंच्या दुकानांना जवळपास नवीन जागाच नको असं निघतं. पण म्हणून मध्यवर्ती जागेची गरज संपली असं कोणी म्हणत नाही. तिथे खाणं, व्यायामशाळा, दवाखाना, वाचनालय, पाळणाघर येतं. १ सप्टेंबर २०२० पासून तर दुकान, कार्यालय, कॅफे, व्यायामशाळा, दवाखाना हे बहुतेक एकाच वापरगटात टाकले, म्हणजे एकाच्या जागी दुसरं सुरू करायला परवानगी लागत नाही. तुमच्या पत्रात ही लवचिकता मागा. जागा बाजाराची, पण वीस वर्षांत त्यातला अमुक भाग अभ्यासिका किंवा दवाखाना होऊ शकेल अशी.

भाजीवाल्या दादांसाठी एक गोष्ट. लीड्सला कर्कगेट मार्केट आहे, नगरपालिकेच्या मालकीचं, आजही चालू. १८८४ मध्ये मायकल मार्क्स नावाच्या फेरीवाल्याने तिथल्या उघड्या बाजारात टेबल मांडून एका पेनीला एक वस्तू विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे मार्क्स अँड स्पेन्सर ही मोठी दुकानसाखळी उभी राहिली. आपली पुण्याची मंडईही त्याच काळातली, १८८६ ची. भाजीबाजार तोवर शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. मला मंडईबद्दल आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. नगरपालिकेचे सदस्य असताना महात्मा फुल्यांनी त्या इमारतीच्या खर्चाला विरोध केला होता, पैसा शिक्षणावर लावा म्हणून. आज मंडई त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तुमच्याकडेही सार्वजनिक पैसा कशावर आधी लावायचा हे उघडपणे बोललं जावं. बाजाराच्या जागेतच अभ्यासिका असावी असं मी म्हणतो, त्यामागे हेही कारण आहे.

---

अभ्यासिका_हवी:

काकू, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते, नऱ्हे रोडला राहते. अभ्यासिकेचं नाव निघालं म्हणून लिहिते. घरात दोन खोल्या आणि पाच माणसं. खाजगी अभ्यासिका परवडत नाही, कॅफेत एका चहावर किती वेळ बसणार? पण अभ्यासिका निर्जन ठिकाणी दिली तर मुलींना तिचा उपयोग नाही. रात्री नऊला बाहेर पडताना रस्त्यावर दुकानं उघडी हवीत, भाजीवाल्या बसलेल्या हव्यात, उजेड हवा, बस हवी. मैदानाचंही तेच. आमच्याकडे जे आहे तिथे संध्याकाळी मुलगेच असतात. मैदानाला लागून बाजार असेल तर मुलीही खेळायला येतील, कारण येणारं-जाणारं कोणीतरी बघत असतं. हे कृपया पत्रात घ्या.

---

शिलाईवाली_धायरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येकाचं लिहिणं वहीत उतरवून घेतलंय.

गाळेधारक दादा, राग कसला? तुमची काळजी माझीच आहे, मीही गाळ्यातच बसते. पण माझं म्हणणं ऐका. दहा मिनिटांत घरी येतं ते ठरलेलं सामान. ब्लाउज पीस मोबाइलवरच्या फोटोशी जुळवून मागवलेले मी किती वेळा पाहिले आहेत, रंग कधी बसत नाही. कापड हातात घेऊन, उजेडात नेऊन, साडीशेजारी धरूनच पाहावं लागतं. चष्मा, चप्पल, घड्याळाचा पट्टा, कुकरची शिटी, छत्रीची दुरुस्ती यांचं तसंच. मोबाइल जे नेणार ते नेऊ दे, राहील त्यासाठी तरी जागा हवी ना? आणि मुलीने लिहिलंय ते वाचा. तुमच्या दुकानासमोर रात्री नऊपर्यंत वर्दळ राहिली तर तुमचंही शटर उशिरापर्यंत उघडं राहील. पार्किंगचं मी लिहीन, पण चालणाऱ्यांची वाट आधी लिहीन. आमच्या रस्त्यावर आजही बहुतेक गिऱ्हाईक चालतच येतं.

हातगाड्या तुमच्या दारात नकोत, हे मला मान्य आहे. म्हणूनच तर त्यांना त्यांची जागा मागू या. बसथांब्याशेजारी जिथे आज संध्याकाळी भाजी बसते, त्याच्या मागचा मोकळा तुकडा माझ्या मनात आहे. नकाशावाल्या दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी त्याचा झोन दाखला काढते.

मागणी आता अशी लिहिते आहे. रस्त्याला लागून, तळमजल्यावर, चालत येण्याजोग्या अंतरावर साधारण एकरभर स्थानिक बाजार. त्यात भाजीला उघडं छप्पर, ओटे, नळ आणि कुलपाची खोली. लहान-लहान गाळे, कारण मोठ्या गाळ्याचं भाडं अस्तरवाल्याला आणि चपला शिवणाऱ्याला झेपत नाही. लागून मैदान, झाडं, बाकं. वर एक सभागृह, तिथे दिवसा भजनी मंडळ, हळदीकुंकू, योगवर्ग आणि सुट्टीच्या दिवशी लहान नाटक. अभ्यासिका मात्र दर्शनी भागात, उजेडात. बायकांचं स्वच्छतागृह मी सगळ्यात वर लिहिणार आहे. नाट्यगृह धायरीत मागत नाही, ते सबंध सिंहगड रोडसाठी म्हणून वेगळं मागू. मॉलचंही लिहिणार नाही. तो यायचा असेल तर कोणी मागितल्याशिवायही येईल.

पण लीड्सच्या दादांचा प्रश्नांचा भाग मला सगळ्यात आवडला. तसे प्रश्न घरोघरी विचारायचे. शेवटचा किराणा, कपडे, बूट, पुस्तकं, दुरुस्ती, बाहेरचं खाणं, नाटक-सिनेमा, पोरांचा खेळ: कुठे गेलात, कशाने गेलात, किती वेळ लागला? एवढंच एका पानावर. फोन नंबर, उत्पन्न काही विचारायचं नाही, लोक बिचकतात. बचत गटाच्या बायका गावठाण आणि वस्ती घेतील, सोसायट्यांत प्रत्येकीने आपापली इमारत घ्यायची.

दुसरं काम शनिवारी आहे. संध्याकाळी सहा ते नऊ, बसथांब्यापाशी आणि शाळेच्या कोपऱ्यावर, किती माणसं चालत जातात, किती थांबून काही घेतात, किती बसायला जागा शोधतात ते मोजायचं. भाजीवाला दादा, तुम्ही आलात तर फार बरं होईल, कुठे बघायचं ते तुम्हाला कळतं. गाळेधारक दादा, तुम्हीही या, गाड्या तुम्ही मोजा. वह्या आणि पेनं माझ्या दुकानात ठेवली आहेत, साडेपाचला तिथूनच निघू.